पेटीला खुशाली सांगू नका

माझ्या आजारपणात ज्यांनी हात दिला त्यांत पहिलं नाव गोदाआत्याचं. ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण, दाभोळला दिलेली. तिला लिहिता-वाचता येत नाही. तिने मला औषध आणून दिलं नाही, इस्पितळात उशाशी बसली नाही. ती फक्त बोलली. पण ती बोलली नसती तर माझी बहीण नंदा आज नसती, आणि मी तरी हे लिहायला किती धड असतो, देव जाणे.

हे लिहितो आहे ते माझ्यासारख्यांसाठी. ज्यांना डॉक्टर एक दिवस लिहिता लिहिता मान वर न करता विचारतील, "घरात आणखी कोणाला असं होतं का?" आणि जे तितक्याच सहज सांगतील, "नाही."

मीही तेच सांगितलं होतं.

त्या दिवशी डॉक्टरांनी माझी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली होती. कोल्हापूरच्या सोनोग्राफीचा कागद टेबलावर होता. त्यांनी दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाले, "पॉलिसिस्टिक किडनी. दोन्ही बाजूंना आहे."

मला काही कळलं नाही हे त्यांना दिसलं. त्यांनी कागद उलटा केला आणि त्यावर पेनने एक मूत्रपिंड काढलं. मग त्यात गोल गोल काढत गेले. "करवंदांनी लगडलेली जाळी पाहिली आहे ना? तसं समजा. मूत्रपिंडात पाण्याच्या पिशव्या होतात. वर्षानुवर्षं वाढत जातात आणि चांगला भाग दाबून टाकतात. त्यामुळे रक्तदाब वाढतो. कधी लघवीतून रक्त जातं. पिशव्या काढून टाकायचं औषध नाही. रक्तदाब ताब्यात ठेवला तर मूत्रपिंडं पुष्कळ वर्षं टिकतात."

मी विचारलं, "मग बरा कधी होईन?"

"बरे नाही होणार. सांभाळून राहणार," ते म्हणाले.

आमचे डॉक्टर रत्नागिरीतले साधे फिजिशियन. त्यांचं नाव लिहू नको असं त्यांनी बजावलं आहे, म्हणून लिहीत नाही.

सुरुवात डोकेदुखीने झाली होती. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि रत्नागिरीतच मांडवीला खोली घेतली. डोकं दुखतं ते वाचनाने, असं मी धरून चाललो. सगळ्यांना तसंच वाटलं. आई म्हणायची, "येवढी बुकं वाचलीस, दुखनार नाय तर काय?" मी चष्मा बदलला. डोकं दुखतच राहिलं. दुसऱ्यांदा नंबर काढायला गेलो तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत दिवा टाकून पाहिलं आणि म्हणाले, "चष्मा ठीक आहे. रक्तदाब तपासून घ्या. आजच घ्या."

त्यानंतरचे महिने बाकांवर गेले. लघवीची बाटली रुमालात गुंडाळून बाकावर. रक्त द्यायला उपाशीपोटी बाकावर. ब्लड युरिया आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड रक्तातली घाण किती बाहेर टाकतं याचा हिशेब, त्याचा कागद यायची वाट पाहत बाकावर. कोल्हापूरला जाताना आंबा घाटात उलट्या झाल्या. येताना बसमध्ये उभा राहिलो. बसायला जागा होती, पण कुशीत इतकं दुखत होतं की बसवत नव्हतं. आजाराच्या भीतीपेक्षा त्याचा कंटाळाच जास्त यायचा, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. घरी आलं की बायको अळणी भात वाढायची. मीठ बंद झालं होतं.

पण मूळ गोष्ट त्या प्रश्नाची आहे.

डॉक्टर म्हणाले, "हा आजार बहुतेक वेळा आई किंवा वडील यांच्याकडून येतो. ज्यांना असतो त्यांच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. तुमच्या आईची तपासणी मी केली, त्यांना काही दिसत नाही. वडील कशाने गेले?"

"ऊन लागून. मी चार वर्षांचा होतो."

"आजोबा?"

"म्हातारे होऊन."

"वडिलांकडे आणखी कोणी?"

"नाही. सगळे खुशाल."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या टेबलाच्या कडेला एक छोटा टेपरेकॉर्डर असायचा. त्यावर ते पेशंट नसताना गाणी ऐकायचे. तो त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "घरी विचारून या म्हटलं की सगळे पेशंट येऊन 'काही नाही' एवढंच सांगतात. मला घरच्यांच्या तोंडून ऐकायचं आहे. हा घेऊन जा. गावाला जा, सगळ्यांना बसवा, आणि बोलतं करा. कोण, कोणत्या वयात गेलं, एवढंच."

मी शनिवारी निघालो. हातखंब्याला उतरून दुसऱ्या गाडीने गावाला.

आता आमच्या गावात टेपरेकॉर्डर नवीन नव्हता. काही घरांतली माणसं मुंबईला, काही जहाजावर, एकदोन आखातात. ज्यांना पत्र लिहिता येत नाही त्यांचं पत्र कॅसेटवर जायचं. सगळं घर ओटीवर जमायचं आणि एकेकाने पुढे येऊन बोलायचं. आमच्याकडे त्याला "पेटीत बोलणं" म्हणतात. त्याची एक रीतच पडून गेली आहे. परमुलखातल्या माणसाला घोर लागू नये म्हणून पेटीत फक्त बरं बोलायचं. गाय मेली तरी पेटीत ती दूध देते.

हे माझ्या ध्यानात आलं नाही.

थोरल्या काकांनी टोपी घातली, घसा साफ केला. मी लाल बटण आणि प्लेचं बटण एकदम दाबलं. काका पेटीवर वाकून मोठ्याने बोलू लागले, "नमस्कार. आमी समदी हितं खुशाल हाव. पावसापान्याचं बरं हाय. भात बरं लागलंय. आमची काय काळजी करू नका. तब्येतीला जपा."

मी बटण बंद केलं. "काका, हे डॉक्टरांसाठी आहे. आजारांबद्दल सांगायचं."

"मग तेच तर बोल्लो! समदी खुशाल. तुझा डाक्टर काय रडगानं ऐकायला बसलाय काय?"

काकूंची पाळी आली. त्या पदर तोंडावर धरून म्हणाल्या, "डाक्टरसायेब, आमच्या वसंताला सुया जास्ती टोचू नका. तो पैल्यापासनं भित्रा हाय." सगळे हसले. ते हसणंही कॅसेटवर आहे.

मी वडिलांबद्दल विचारलं. काका म्हणाले, "आबाला ऊन लागलं. काजूच्या बागेत पडला. ते काय आजारपन न्हवं."

"आणि आजोबा?"

"म्हातारा झाला, गेला."

"किती वर्षांचे होते?"

"असंल चाळीस-पंचेचाळीसचा."

मी थांबलो. पण काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

"आत्यांपैकी कोणाला काही?"

"त्या दिल्याल्या. त्यांचं त्यांच्या घरी." काका आता चिडले. "वसंता, घरात पोरीची बघाबघी चाललीय, आन तू पेटीत रोग भरायला आलास? बंद कर ते!"

मी बंद केलं. निघताना आई मागच्या पडवीत आली. ती चारचौघांत या घरातल्या गेलेल्यांबद्दल कधी बोलत नाही. सुनेने बोलू नये असं तिला शिकवलेलं. ती एवढंच म्हणाली, "गोदावन्संना विचार. त्यांनी बगितलंय."

सोमवारी डॉक्टरांनी कॅसेट ऐकली. ती मुळात भजनाची होती. काकांची खुशाली संपली की मध्येच जुना टाळ-मृदंग वाजायचा. डॉक्टर आधी हसले. मग म्हणाले, "तुमच्या घरात कोणी मरतच नाही असं दिसतंय." पुन्हा ऐकून ते म्हणाले, "रोगाचं नाव विचारू नका. नावं त्यांना ठाऊक नसतात. डोळ्यांनी काय पाहिलं ते विचारा. आणि या गेलेल्यांत बायका कुठे आहेत? सगळे पुरुषच का?"

मग मी दाभोळला गेलो. गुहागरमार्गे धोपाव्याला, तिथून होडीने पलीकडे. रक्तदाबाच्या नव्या गोळीने चक्कर यायची. होडीत एक कोळीण मला म्हणाली, "खाली बस रे दादा, पडशील तर माझ्याच टोपलीत पडशील." मी खाली बसलो.

आत्या दारातच ओरडली, "मेल्या वसंता, किती वाळलास! तुझी बायको जेवाया घालते का नाय?" तिचा मुलगा जहाजावर खलाशी. त्याने आणलेला भला मोठा रेडिओ-टेपचा टू-इन-वन तिच्या फळीवर, वर क्रोशाचं झाकण. त्याचं प्रत्येक बटण तिला ठाऊक. कॅसेटची फीत अडकली तर पेन्सिल घालून ती सोडवते.

तिने सुकटीचं कालवण केलं होतं. मी खारट खात नाही म्हटल्यावर ती आत गेली आणि अळणी पेज घेऊन आली. मी जेवलो. मग मी तिला सगळं सांगितलं, डॉक्टरांनी काढलेलं चित्रही दाखवलं. करवंदांचंही सांगितलं.

ती चित्र बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "पेटी ठेव हितं. आन तू भाईर जा."

"मी विचारतो ना एकेक."

"तू समोर बसलास की मी खुशालीच सांगनार. जा, बंदरावर जाऊन बस."

मी बंदरावर जाऊन बसलो. जाळी सुकत होती. एक लाँच आली आणि गेली. उन्हात माझा डोळा लागला. परत आलो तेव्हा आत्या चूल सारवत होती. कॅसेट रुमालात गुंडाळून ठेवलेली. "रस्त्यात कुटं लावू नको," ती म्हणाली. "डाक्टरला दे."

डॉक्टरांच्या खोलीत ती कॅसेट मी पहिल्यांदा ऐकली. त्यानंतर ती इतक्या वेळा ऐकली आहे की आता मला ती तोंडपाठ आहे.

"मी गोदा. दाबोळास्नं बोलत्ये. आमी समदी खुशाल..." मग ती थांबते. नुसती खरखर ऐकू येते, लांब कुठेतरी लाँचचं इंजिन. मग आत्या म्हणते, "नाय. आज ते नाय सांगायचं.

"आमी दोघी बहिनी. मंजुळा मोटी. ती सासरीच वारली, दुसऱ्या बाळंतपनात. लोक बोल्ले, वडाखालनं पानी आनलं, तितं धरलं. मी तवा तिच्याकडं व्हते. मी बगितलंय. आदी तिचे पाय सुजले. मग तोंड सुजलं. हातातली कांकनं रुतली, पार मासात गेली. सासू फोडू देईना. सवाशिनीची कांकनं फोडायची नाय, बोल्ली. मंजुळा डोकं धरून बसायची. डोळ्यांम्होरं काजवे दिसतात, बोलायची. मग एक दिवस हातपाय वाकडे झाले, दात बसले. झालं. पोरबी गेलं.

"बाबांची बहीन, आमची आत्या, तीपन अशीच गेली, असं आय सांगायची. ती मी नाय बगितली.

"बाबा कंबर धरून चालायचे. मुतात रगत जायचं, ते कुनाला सांगायचे नाय. मी पाट रगडायला बसले की कुशीत हाताला गोळा लागायचा. येवढा.

"आन वसंताचा बापूस ऊन लागून नाय गेला. त्या दिवशी आभाळ व्हतं. ऊनच नव्हतं. चार रोज डोकं धरून फिरत व्हता. बागेत ओकला, आन पडला.

"डाक्टर, ही समदी आमच्याच घरची मानसं. दिली म्हनून काय झालं."

इथे बटण दाबल्याचा खट्ट आवाज येतो.

मी वडिलांना ऊन लागलं असं आयुष्यभर सांगत आलो होतो. शाळेच्या निबंधातही लिहिलं होतं. मला त्या खोलीत रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. इतका थकलो होतो.

डॉक्टर मात्र वडिलांच्या भागावर थांबले नाहीत. त्यांनी कॅसेट मागे नेली आणि मंजुळाआत्याचा भाग पुन्हा लावला. मग मला विचारलं, "तुम्हाला बहीण आहे?"

"आहे. नंदा. धाकटी."

"मला कधी बोलला नाहीत."

"ती सासरी असते."

डॉक्टरांनी टेप बंद केला. "लग्न झालेली. मुलं?"

"एक मुलगा. आता दुसऱ्यांदा दिवस गेलेत. सातवा."

ते उठून उभे राहिले. "तुमच्या आत्याला जे झालं त्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात. गरोदरपणात रक्तदाब वाढतो, अंगावर सूज येते, मग झटके येतात. त्यात आई जाते, मूलही जातं. कोणालाही होऊ शकतं, पण ज्या बाईची मूत्रपिंडं आधीच अशी आहेत तिला धोका फार. बहिणीला घेऊन या. उद्या नाही, आज निघा."

टेपरेकॉर्डर पिशवीत घातला आणि निघालो. नंदाचं सासर हातखंब्याच्या पुढे आत आहे. पोचलो तेव्हा ती पडवीत भात पाखडत होती. मला बघून हसली. तोंड भरल्यासारखं दिसत होतं. "दादा, मी जाडी झालेय ना?" ती म्हणाली.

"डोकं दुखतं का?"

"दुखतं थोडं."

तिची सासू वाईट बाई नाही. पण मी रत्नागिरीला न्यायचं म्हटल्यावर ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "पाय सगळ्यांचेच सुजतात, पावणे. आमी काय पोरं नाय काढली? पहिलं बाळंतपन तुमच्या घरी झालं, आता हे आमच्या घरी. सातव्या महिन्यात सुनेला इस्पितळात टाकली, तर गावात काय बोलतील? आमी उपाशी ठेवली म्हनून?"

मी शिकलेला माणूस. मूत्रपिंड, रक्तदाब, निम्मी शक्यता, सगळं सांगून पाहिलं. ते त्यांच्या कानाजवळून निघून गेलं. शेवटी मी पेटी काढली.

पेटी बघून सगळे जमले. नंदाचा नवरा, जाऊ, शेजारची दोन माणसं. सासूबाईंनी पदर सारखा केला, खुशाली ऐकायला बसल्यासारख्या बसल्या. "मी गोदा. दाबोळास्नं बोलत्ये. आमी समदी खुशाल..." सासूबाईंनी मान डोलावली. मग आत्या थांबली, आणि म्हणाली, "नाय. आज ते नाय सांगायचं."

पेटी पुढे बोलत राहिली. पाय सुजले. तोंड सुजलं. कांकणं रुतली, असं आत्या बोलली तेव्हा सासूबाईंची नजर नंदाच्या हातांकडे गेली. मग सगळ्यांचीच गेली. नंदाने हात पदराखाली घेतले.

"बगू," सासूबाई म्हणाल्या.

हिरवी कांकणं मनगटावर इतकी घट्ट बसली होती की त्यांच्या दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं. सासूबाईंनी एक कांकण फिरवून पाहिलं. ते फिरलं नाही. त्यांनी तेल आणलं, तरी निघालं नाही. कॅसेट तोवर संपून खट्ट झाली होती. सासूबाई आत गेल्या आणि वरवंटा घेऊन आल्या. नंदाचा हात उंबरठ्यावर ठेवला आणि स्वतःच्या हाताने एकेक कांकण फोडलं. जाऊ म्हणाली, "आत्याबाई, असं नका..." त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. मुलाला म्हणाल्या, "यष्टी कितीला हाय? मी येत्ये संगती."

रत्नागिरीत नर्सने नंदाचा रक्तदाब मोजला, मग पट्टा सोडून पुन्हा मोजला, आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. लघवीतही दोष निघाला. तिला त्याच दिवशी ठेवून घेतलं. अंधाऱ्या खोलीत, डाव्या कुशीवर, गोळ्या, इंजेक्शनं, दर थोड्या वेळाने पट्टा. मी कचेरीतून यायचो आणि बाहेरच्या बाकावर बसायचो. माझा स्वतःचा रक्तदाब त्या दिवसांत कोणीच पाहत नव्हतं. सासूबाई फरशीवर चटई टाकून राहिल्या. गावात काय बोलतील, हे त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

बाळ शेवटपर्यंत थांबू शकलं नाही. रक्तदाब गोळ्यांना जुमानेना तेव्हा बाळंतपणाच्या डॉक्टरांनी पोट उघडून काढलं. मुलगी झाली. कापसात गुंडाळलेली, पसाभर. तिचं रडणं ऐकू यायला कान जवळ न्यावा लागायचा. नंदाला झटके आले नाहीत.

या आजाराची हकीगत इथे संपायला हवी होती, पण आजारपणं अशी कुठे संपतात? नंदाचीही सोनोग्राफी झाली. तिच्याही दोन्ही मूत्रपिंडांत पिशव्या आहेत. तिला सांगताना मी अडखळलो. ती म्हणाली, "म्हणजे आपण दोघं एकाच आजाराची. शाळेतही तू माझ्याच पाटीवर लिहायचास." मुंबईच्या इस्पितळात माझ्या डोक्यातल्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली, कारण या आजारात तिथली रक्तवाहिनी फुगून फुटू शकते, आणि वडिलांचं तसंच झालं असावं. तिथे सध्या काही दिसत नाही. सध्या, हा शब्द डॉक्टरांचा आहे. मी तो जपून ठेवला आहे.

थोरले काका माझ्याशी बरेच दिवस बोलत नव्हते. मग एके दिवशी ते मुलीला घेऊन डॉक्टरांकडे आले, मला न कळवता. तिला काही निघालं नाही. काकांना मात्र निघालं. ते बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "पेटीत काय बोल्लो व्हतो मी?" मी म्हटलं, "समदी खुशाल." ते म्हणाले, "मग ते पुसून टाक."

आता रविवारी सकाळी मी डॉक्टरांच्या दवाखान्यात बसतो. डॉक्टरांनी एक टेपरेकॉर्डर माझ्याकडे कायमचा दिला आहे. ज्या पेशंटांना घरचा इतिहास सांगता येत नाही त्यांना मी तो वापरायला शिकवतो, आणि गरज पडली तर त्यांच्या घरी जातो. आलेल्या कॅसेटी ऐकून मी डॉक्टरांसाठी झाडासारखी आकृती काढतो. हे काम थकवतं. माणसं पुष्कळ वेळ काहीच बोलत नाहीत, आणि बोलली की सगळं एकदम बोलतात.

तुमच्यावर ही वेळ आली तर माझं एवढं ऐका. आधी जाणत्या बाईकडे जा. मरणं बघितलेली असतात ती बायकांनी. पुरुष खोलीत असतील तर त्यांना काही काम सांगून बाहेर पाठवा. स्वतःही बाहेर जा. दिलेल्या मुली मोजा, आणल्या गेलेल्या सुनांची माहेरंही विचारा. कोणी "म्हातारा होऊन गेला" म्हणालं तर वय विचारा. "ऊन लागलं" म्हणालं तर ऊन होतं का ते विचारा. आणि पेटी सुरू झाली की पहिलं वाक्य खुशालीचं येणारच. ते येऊ द्या. त्याच्या नंतर थांबा. खरं त्या थांबण्यानंतर येतं.

एकदा डॉक्टर आत्याची कॅसेट पुन्हा ऐकत होते. तिच्या पाठच्या कडेची प्लास्टिकची पट्टी त्यांनी कधीच मोडून टाकली आहे, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरं काही भरलं जाऊ नये. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "यांनी सगळ्यांचं सांगितलं. स्वतःचं एक अक्षर नाही."

मी आकृतीकडे पाहिलं. वडील, काका, मंजुळाआत्या, आजोबा, त्यांची बहीण, नंदा, मी. गोदाआत्याच्या गोलात मी काहीच लिहिलेलं नव्हतं. इतके महिने तो कोरा होता, आणि मला दिसला नव्हता.

आत्याला पत्र लिहिलं तर ते कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. म्हणून मी कॅसेट भरली आणि दाभोळला जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवली. आमच्याकडे त्यालाही पत्रच म्हणतात. ते असं होतं:

"आत्या, मी वसंता. मांडवीहून बोलतोय. दार लावून घे आणि एकटीने ऐक.

आम्ही खुशाल आहोत असं म्हणत नाही. माझं क्रिएटिनिन थोडं वाढलंय. थकवा जात नाही. जिना चढताना मध्ये थांबतो. नंदाला माझाच आजार आहे. तिच्या मुलीला आहे की नाही ते ती मोठी झाल्यावर कळेल. पण मुलगी आहे, आत्या. अंगाने भरलीय. काल माझा चष्मा ओढून घेतलान. नंदाच्या सासूने तिचं नाव मंजुळा ठेवलंय. मी सुचवलं नव्हतं. तिनेच ठेवलं.

थोरले काका गोळ्या घेतात. मीठही सोडलंय म्हणतात, पण काकू म्हणतात लपवून लोणचं खातात.

तू माझ्या वडिलांचं सांगितलंस ते बरं केलंस. ऊन नव्हतं, हे मला माहीत असायला हवं होतं.

आता तुझं. मी दाभोळला आलो होतो तेव्हा चूल सारवून उठताना तू भिंत धरलीस. मी बघितलं, आणि मला वाटलं वय झालं. आम्ही सगळे तसंच म्हणतो. तुझे पाय सुजतात का? डोकं दुखतं का? कुशीत हाताला काही लागतं का? तुझ्या बाबांच्या कुशीत लागलेलं तुला आठवतं, तर स्वतःच्या कुशीत हात घालून बघ.

या कॅसेटची दुसरी बाजू मी कोरी ठेवलीय. उलटी कर आणि लाल बटण दाब. मी बंदरावर जाऊन बसलोय असं समज. पहिलं वाक्य खुशालीचं बोलशील, ते बोल. मग थांब. मग सांग.

मी वाट बघतोय."